फोल्डर उघडत नाही? घाबरू नका!

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. अनारशांचे तांदूळ भिजत घातले आणि गुळाच्या प्रमाणापाशी माझं घोडं अडलं. आई असती तर विचारलं असतं, पण तिला जाऊन दोन वर्षं झाली. मात्र जाण्याआधी तिच्याच तोंडून सगळ्या कृती ध्वनिमुद्रित करून मी कॉम्प्युटरवर ‘आई’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. पुढे तो कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्याची डिस्क तेवढी काढून घेतली होती. ती नव्या कॉम्प्युटरला जोडली, ‘आई’वर दोनदा टिचकी मारली, तर समोर पाटी : हा फोल्डर उघडण्याची तुम्हांला परवानगी नाही!

माझ्याच आईला भेटायची मला परवानगी नाही? डोळ्यांत पाणीच आलं बाई!

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. “फॉरमॅट करून देतो ताई, अर्ध्या तासाचं काम!” नशीब, फॉरमॅट म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. झाकण निघत नाही म्हणून लाडवांसकट डबा घासायला टाकायचा, तसलाच हा प्रकार! डिस्क पर्समध्ये घातली आणि तडक घर गाठलं. शेवटी भाची मदतीला धावली. तिच्याकडून जे शिकले, ते तुमच्याही उपयोगी पडेल. (आमचा कॉम्प्युटर विंडोजचा आहे, त्यामुळे सांगते आहे तेही विंडोजपुरतंच.)

एकही फोल्डर उघडत नसेल तर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या यादीत ‘विंडोज एक्स्प्लोरर’ शोधा, त्यावर उजवी टिचकी मारा आणि ‘रीस्टार्ट’ म्हणा. पडदा क्षणभर कोरा होईल, दचकू नका. फोल्डर दाखवण्याचं काम हा एक्स्प्लोररच करतो. तो अडकला की सगळंच अडतं.

उघडतो, पण फार वेळ लावतो : लग्नाचे हजारभर फोटो एकाच फोल्डरमध्ये असले की असं होतं. प्रत्येक फोटोचं छोटं चित्र तयार करता करता बिचारा दमतो. फोल्डरवर उजवी टिचकी, मग ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘कस्टमाइझ’. तिथे ‘पिक्चर्स’ऐवजी ‘जनरल आयटम्स’ निवडा. बराच फरक पडतो.

परवानगी नाही म्हणतो : हे माझं दुखणं! प्रत्येक फोल्डरला एक मालक असतो. माझ्या फोल्डरचा मालक जुन्या कॉम्प्युटरवरचं खातं. नव्याला त्याची ओळख कुठली? पाटीवर ‘कंटिन्यू’ असेल तर आधी तेच दाबा, बहुतेक वेळा एवढ्यानंच भागतं. नाहीच भागलं तर ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’ असं आत जा. वर ‘ओनर’ लिहिलेलं असेल, त्याच्याशेजारचं ‘चेंज’ दाबून आपल्या खात्याचं नाव घाला. आतल्या फोल्डरांचाही मालक बदलण्याची चौकट येते, तिच्यात खूण करायला विसरू नका. हे सारं ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातूनच होतं. आणि हो, हा उपाय फक्त आपल्या फोल्डरांवर करायचा. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांना हात लावू नका!

डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल, तर मात्र मालकी बदलून उपयोग नाही. तिथे पासवर्ड किंवा 48 आकडी रिकव्हरी कीच हवी. दागिन्यांच्या पावत्यांइतकीच ती जपून ठेवा.

फोल्डर खराब झाला म्हणतो : डिस्क फॉरमॅट करायची का, असंही कधी कधी विचारतो. तिथे ‘हो’ म्हणायचं नाही! जे उघडतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मगच ‘चेकडिस्क’ चालवा. ही दुरुस्ती करताना डिस्कवर फेरफार होतात, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. डिस्क टकटक वाजत असेल तर कुठलाच घरगुती उपाय नको. ताबडतोब बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकारालाच दाखवा.

तर, मालक बदलला आणि ‘आई’ उघडली. धडधडत्या छातीनं अनारशांची कृती लावली. पाठीमागे मोरीतल्या नळाचा आवाज आणि आईचं ठसक्यातलं बोलणं : “प्रमाण कसलं विचारतेस गं? पीठ हाताला कळतं!”

हसावं की रडावं कळेना. अनारसे त्या वर्षी थोडे हसलेच! पण त्याच संध्याकाळी त्या फोल्डरच्या दोन प्रती केल्या. एक माझ्या कपाटात आहे, दुसरी धाकट्या बहिणीकडे. मैत्रिणींनो, तुमच्या घरातला असा एखादा फोल्डर आजच उघडून पाहा. उघडतोय तोवरच त्याची प्रत करून ठेवा!