पडलेले मूल आधी काय पाहते?

मूल पडले की लगेच रडत नाही, हे आपण साऱ्या आयांनी पाहिले आहे. ते पडते, क्षणभर गप्प राहते आणि मान वर करून आपल्याकडे बघते. त्या क्षणी आपण "अगं बाई!" म्हणून ओरडलो की भोकाड सुरू झालेच म्हणून समजा. "अरे, मुंगी मेली बघ!" म्हटले, तर निम्म्या वेळा तरी ते फरशीवर मुंगी शोधू लागते. ज्या आजीने ही मुंगी पहिल्यांदा मारली तिचे नाव कुणालाच ठाऊक नाही. पण तिला मानसशास्त्राची पदवी द्यायला काही हरकत नव्हती.

अमेरिकेत १९८५ साली काही संशोधकांनी हीच गोष्ट प्रयोग करून पाहिली. एक मोठे टेबल, त्यावर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचे कापड, उरलेल्या भागात ते कापड खाली खोल. वरून बघणाऱ्याला तिथे खड्डाच वाटावा. वर्षावर्षाची मुले रांगत त्या कडेपर्यंत येत आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या तोंडाकडे बघत. आईचा चेहरा हसरा असला तेव्हा १९ पैकी १४ मुले काच ओलांडून गेली. आईने भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. आयांनी तोंडातून शब्दही काढायचा नव्हता, हे विशेष!

तेव्हा मुलाला लागले की पहिली मलमपट्टी आपल्या चेहऱ्याला करावी लागते. बोलायला हे सोपे आहे. आमच्या घरी त्याचा कस लागला तो २०१९ च्या आखाजीला.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, पितरांसाठी घागर भरतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात. बहिणाबाईंच्या गाण्यातही हा निंबावरचा झोका आहे. मी जळगावची सून. माहेर धुळ्याचे, पांझरेपलीकडे देवपुरात. दुपारची जेवणे आटोपली होती. माझ्या डोळ्यांदेखत, दोन हातांवर, माझी सहा वर्षांची धाकटी झोक्यावरून पुढे फेकली गेली आणि डाव्या हातावर पडली. झोका देत होता माझा अकरा वर्षांचा भाचा. दोर तुटला नाही, फळी निसटली नाही. तिचा हात सुटला, एवढेच.

कोपराच्या जरा वर हात भलत्याच ठिकाणी वाकलेला दिसत होता. शेजारच्या आजी "काय व्हयनं व माय?" करीत धावत आल्या, आणि अंगणात एकदम सातजण बोलू लागले. धाकटीने माझ्याकडे पाहिले. माझे तोंड त्या वेळी कसे होते देव जाणे. पण हात कामाला लागले होते, आणि मला वाटते तिने तेच पाहिले. वहिनीने गेल्या दिवाळीचा एक जाडजूड अंक आणून दिला. हात आहे त्याच स्थितीत ठेवून, जराही न ओढता, तो अंक खाली पन्हाळीसारखा धरला आणि दोन ओढण्यांनी सैलसर बांधला. (संपादकांनी रागावू नये. दिवाळी अंकाचा इतका चोख उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.)

काका म्हणाले, "दवाखान्यात कशाला? हाडवैद्याकडे ने. माझं मनगट चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या बापानंच बसवलं होतं." काकांचे मनगट खरोखरच उत्तम आहे. पण धाकटीच्या त्या हाताची बोटे दुसऱ्या हातापेक्षा गार लागत होती, आणि ते काही मला बरे वाटेना. मी नाही म्हटले. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अस्थिरोगतज्ज्ञांनी मागाहून सारे समजावून सांगितले. पाच ते सात वर्षांच्या मुलांत हा मोड फार आढळतो. दंडाचे हाड कोपराच्या वर चपटे आणि पातळ असते. मूल हात टेकून पडले की ते नेमके तिथे मोडते. आणि त्याच्या पुढूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. सूज तर वाढतच असते. त्यावर पट्टी आवळून बांधली की रक्त कोंडते आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. हाड कदाचित जुळेलही, पण बोटे जन्मभर आकड्यासारखी वळून राहतात. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली हे लिहून ठेवले आहे. काकांच्या मनगटाचा न्याय सहा वर्षांच्या कोपराला लावता येत नाही तो यासाठी. पट्टी असो की प्लास्टर, बोटे गार, फिकी किंवा निळसर पडली, बधिर झाली, ती सरळ करताना मूल किंचाळले, किंवा औषध देऊनही कळ वाढतच गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवावे.

त्या दिवशी डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता: "शेवटचं कधी खाल्लं, आणि काय?" आमरस आणि दीड पुरणपोळी! नाडी लागत होती, म्हणून थांबणे शक्य होते; पण भूल द्यायची तर पोट रिकामे हवे, म्हणजे सहा तास थांबणे आले. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात साखर, पाणी, लाडू घालायची आपल्याकडे रीतच आहे. हाड मोडल्याची शंका असेल तेव्हा ती रीत बाजूला ठेवावी.

संध्याकाळी तिने विचारले, "दुखेल का?" वहिनी पटकन म्हणाली, "छे, अजिबात नाही!" मी म्हटले, "सुई टोचताना दुखेल, दहा मोजेपर्यंत. मग झोप लागेल. उठशील तेव्हा मी इथंच असेन." तिने मोजायला सुरुवात केली आणि सातावर टाहो फोडला. तरी पुढच्या प्रत्येक सुईच्या वेळी ती मलाच विचारी; वहिनीला तिने पुन्हा विचारले नाही.

हे जळगावहून एरंडोल, पारोळा करीत पोचले आणि दारातच विचारते झाले, "कुणाचं लक्ष नव्हतं?" मला राग आला नाही. तीन तास गाडीत एकटा बसलेला बाप दुसरे काय विचारणार? मी एवढेच म्हटले, "तिच्याजवळ बसा आधी." पण तोच प्रश्न दिवसभर घरातही फिरत होता, आणि तिथे त्याचे उत्तर अकरा वर्षांचे होते.

रात्री भावाचा फोन आला. पोरगा गच्चीवर बसला आहे, जेवत नाही. मी त्याला दवाखान्यात बोलावून घेतले. तो दाराशीच थांबला. "आत्या, मीच पाडलं ना तिला?"

"तिनं झोका मागितला, तू दिलास. तिचा हात सुटला. पडली ती अशी."

त्याला पटले असे दिसले नाही. शस्त्रक्रिया होऊन हाडात तारा घातल्या होत्या. नर्सबाईंनी मला दर तासाला करायचे काम सांगितले होते: बोटाचे नख दाबायचे, सोडायचे, आणि दोन सेकंदांत गुलाबी रंग परत येतो की नाही ते बघायचे, मग बोटे हलवायला सांगायची. ते काम मी त्याला शिकवले. त्याने एका वहीत वेळ लिहून पुढे "गुलाबी" अशी नोंद करायला सुरुवात केली. बाराच्या सुमारास भाऊ त्याला घेऊन गेला, तेव्हा वही माझ्या हाती आली. ती रात्र आम्ही दोघांनी त्या नखावर काढली.

आपल्याकडे रोग्याच्या उशाशी घरचे माणूस असणारच, हे आपण गृहीत धरतो. इंग्लंडात एके काळी इस्पितळातल्या लहान मुलांना आईबापांनी भेटायचे ते ठरल्या वेळेपुरतेच. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस चित्रपटात टिपले. तिचे ते मुकाट कोमेजणे पाहून डॉक्टर मंडळी आधी चिडली. पुढे १९५९ साली सरकारी समितीनेच आईबापांना मुलांजवळ राहू द्यावे, अशी शिफारस केली.

चार आठवड्यांनी तारा निघाल्या. कोपर आखडलेले होते, आणि सासूबाई तेलाची वाटी घेऊन तयारच होत्या. डॉक्टरांनी चोळायला आणि ओढून सरळ करायला साफ मनाई केली होती. जोर केला तर कोपर उलट अधिकच आखडते. सासूबाईंना हे सांगणे काकांना सांगण्याहून अवघड गेले. शेवटी ते तेल त्यांनी धाकटीच्या डोक्याला लावले आणि हाताला पीठ मळायला दिले, मग पाण्याचा तांब्या, मग चेंडू. श्रावणात कानबाईचे रोट झाले तोवर हात जवळजवळ सरळ झाला होता. वही अजून भाच्याकडे आहे. मागितली तर देत नाही.