धरणातल्या माशांचा हिशेब

अमरावतीचं पाणी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येतं आणि अकोल्याचं महानच्या काटेपूर्णा धरणातून, हे आपल्याला ठाऊक असतं. पण धरणाच्या पाण्यावर मासेमारांची चूलही पेटते, हे आपण विसरतो.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून जलाशयात बोटुकली सोडावी लागते. बारीक आसाचं जाळं टाकलं, की ती वाढायच्या आतच पकडली जाते. मुद्दलच खाल्लं, तर व्याज कुठून मिळणार?

दुसरा धोका परक्या माशाचा. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च सोडला. १९८० नंतर तो इतका माजला, की शेकडो स्थानिक जाती दिसेनाशा झाल्या. १९९४ मध्ये केनिया, युगांडा, टांझानियाने संयुक्त मत्स्यसंस्था काढली. पण तोवर फार उशीर झाला होता. आपल्याकडे थाई मागूरवर बंदी आहे, ती उगाच नाही.

आपण उद्याचे इंजिनिअर. धरणाच्या गणितात पिण्याचं, सिंचनाचं पाणी मांडतो. मे महिन्यात माशांपुरतं किती उरेल, तोही आकडा मांडायला शिकू या.