साइटवर मजूर पडला तर भरपाई कोणाकडून? स्टॅम्पपेपरवर सही करण्याआधी हे वाचा

शिरूर/दौंड : रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या पट्ट्यात कुठे ना कुठे सेंटरिंग लागलेलं दिसतंच. स्लॅबवरून माणूस पडला की पुढची बोलणी ठरलेली. बिल्डर म्हणतो, काम ठेकेदाराला दिलं होतं. ठेकेदार म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम थोडेफार पैसे हातावर ठेवतो आणि ‘आता काही तक्रार नाही’ अशी स्टॅम्पपेपरवर सही घेतो.

भरपाईचा हक्क सोडल्याचा असा कागद कायद्यात टिकत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात तसं होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भरपाईची चौकट बहुतांशी तीच आहे. मृत्यू झाला असेल तर भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. वारसाला परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत.

मग जबाबदार कोण? बिल्डरचा धंदाच बांधकामाचा, त्यामुळे ठेकेदाराच्या मजुरालाही स्वतःच्या माणसासारखीच भरपाई त्याला द्यावी लागते. नंतर ती त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा हिशेब. मात्र शेतकऱ्याने स्वतःचं राहतं घर ठेक्याने बांधायला दिलं असेल तर हा नियम लागत नाही, तिथे ठेकेदारालाच धरावं लागतं.

रक्कम वय आणि मजुरीवरून ठरते. 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे महिन्याची मजुरी जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. 30 वर्षांचा मजूर गेला तर त्याचे निम्मे 7,500, गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. उपचाराचा खर्च वेगळा.

अपंगत्वाचं गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. सुप्रीम कोर्टाने 1975 साली त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली असं मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणजे अवयव किती गेला एवढंच नाही, तर तो माणूस आपलं काम पुन्हा करू शकतो का, हेही बघतात.

‘हेल्मेट घातलं नव्हतं, चूक त्याचीच’ हे तर ठरलेलं उत्तर. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालत नाही.

पोलीस केस आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी. 29 जुलै 2016 ला बालेवाडीत तेराव्या मजल्याचा स्लॅब कोसळून 9 मजूर गेले, तेव्हा गुन्हा दाखल झाला होता. पण गुन्हा नोंदला म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही, त्यासाठी दोन वर्षांच्या आत वेगळा दावा करावा लागतो. पुणे जिल्ह्यात हे दावे आजवर कामगार न्यायालयात चालत आलेत. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

सगळ्यात जास्त दावे अडतात ते पुराव्यावर. दवाखान्यात नेताना ‘घरी पडला म्हणून सांग’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. केसपेपरवर साइटचं नाव आणि वेळ लिहून घ्या. हजेरीच्या वहीचा फोटो, मुकादमाने फोन पेवर पाठवलेली उचल, सोबतच्या मजुरांचे नंबर जपून ठेवा.

आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी? भांडी-पेटी मिळाली की लोक कार्ड विसरतात. पण नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना मंडळाकडून 5 लाखांची मदत आहे, ती ठेकेदाराकडच्या भरपाईपेक्षा वेगळी. कार्डाचं नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घ्या.