पत्तासंघर्ष, संयुक्त नेटवर्क कार्डांमुळे होणारा

संगणक जालात एकच आयपी पत्ता दोन यंत्रांकडे असल्याचे आढळणे, यास पत्तासंघर्ष म्हणतात. एखादे कार्ड, तार वा स्विच निकामी झाला तरी काम खंडित होऊ नये, म्हणून सर्व्हरमधील दोन वा अधिक नेटवर्क कार्डे एकत्र बांधून त्यांचा एक संच करतात. यालाच टीमिंग किंवा बाँडिंग अशी नावे आहेत. अशा संचात हा दोष विशेष फसव्या रूपात उद्‌भवतो. कारण दुसरे यंत्र तेथे मुळात नसण्याचाही संभव असतो.

इथरनेट जालात आयपी पत्त्यावरून यंत्राचा ४८ बिटांचा मॅक पत्ता शोधण्याचे काम एआरपी या संकेतानुसार चालते. हा संकेत आरएफसी ८२६ या दस्तऐवजात १९८२ मध्ये मांडला गेला. २००८ मधील आरएफसी ५२२७ नुसार यंत्राने पत्ता वापरण्यापूर्वी तीन पृच्छा सर्वांना पाठवावयाच्या असतात. त्यांत प्रेषकाच्या आयपी पत्त्याची जागा शून्य असते. उत्तर आले, अथवा परक्या मॅक पत्त्यावरून तीच पृच्छा आली, तर पत्ता व्यापलेला आहे असे समजतात. विंडोजमध्ये अशा वेळी नेमून दिलेला पत्ता बाजूस पडून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसू लागतो आणि सर्व्हरवर अवलंबून असलेले सर्व व्यवहार थांबतात.

संचातील एका कार्डाने पाठविलेली पृच्छा स्विच इतर सर्व मार्गांवर पसरवितो, म्हणजेच त्याच संचातील दुसऱ्या कार्डाकडेही. चालक प्रणालीने ती तेथेच टाकून देणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास, आणि भार विभागण्यासाठी पृच्छेतील मॅक पत्ता बदललेला असल्यास, सर्व्हर स्वतःच्याच आवाजाला परका समजतो. स्विचच्या बाजूसही ते मार्ग आयईईई ८०२.१एएक्स मानकाप्रमाणे एकत्र बांधलेले असतील, तर पृच्छा अशी परतत नाही.

दुसरे कारण खऱ्या संघर्षाचे आहे. संच बहुधा आपल्या एखाद्या कार्डाचाच मॅक पत्ता धारण करतो. ते कार्ड संचातून काढून त्याच जालात स्वतंत्रपणे वापरले, तर एकच मॅक पत्ता दोन ठिकाणी दिसतो. संच मोडल्यावर जुना आयपी पत्ता अदृश्य झालेल्या कार्डाच्या नावे नोंदीत उरणे, हेही नेहमीचे. तेव्हा पत्ता दुसऱ्या कार्डास आधीच दिलेला आहे अशी सूचना मिळते. उपकरण व्यवस्थापकात अनुपस्थित उपकरणे दाखवून ती नोंद काढावी लागते. काही वेळा दोष स्विचचा असतो : सिस्कोच्या काही स्विचांत जोडलेल्या यंत्रांचा मागोवा घेणारी सोय शून्य पत्त्यावरून पृच्छा करते आणि नेमक्या त्याच क्षणी पत्ता तपासणारे विंडोज तिला प्रतिस्पर्धी मानते. पृच्छेस दहा सेकंदांचा विलंब लावल्याने हा दोष सहसा दूर होतो.

पत्ता तडकाफडकी बदलण्याचा मोह आवरावा. त्याने पुरावा नष्ट होतो. प्रथम घटना-नोंदीतील प्रतिस्पर्ध्याचा मॅक पत्ता टिपून तो संच व त्यातील प्रत्येक कार्ड यांच्या पत्त्यांशी ताडून पाहावा. लिनक्समध्ये कार्डांचे मूळ पत्ते बाँडिंगच्या स्थितीफाइलीत मिळतात. जुळल्यास दोष घरातलाच होय. न जुळल्यास स्विचच्या मॅक सारणीवरून त्या यंत्राचा मार्ग शोधावा. तोच पत्ता सारणीत दोन मार्गांवर आळीपाळीने दिसत असेल, तर सर्व्हर व स्विच यांच्यातील संचरचना विसंगत असण्याची शक्यता दाट आहे. यानंतर एक कार्ड सोडून बाकीची बंद करून पाहावीत. तक्रार थांबली, तर संशय संचावरच येतो.

मात्र लिनक्समधील बॅलन्स-एएलबी या पद्धतीत एकाच आयपी पत्त्याबद्दल निरनिराळ्या ग्राहकांना निरनिराळे मॅक पत्ते मुद्दाम कळविले जातात. दोन संगणकांवरील एआरपी सारण्यांत असा फरक आढळला, एवढ्यावरून संघर्षाचे निदान करणे चुकीचे ठरते.