तीनच जागा

१९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचा पदक-समारंभ झाला तेव्हा चौथऱ्याच्या तिन्ही पायऱ्यांवर केनियाचीच माणसे उभी होती. मॅथ्यू बिरिर पहिला, पॅट्रिक सांग दुसरा, विल्यम मुटवोल तिसरा. पाहणाऱ्यांना वाटले असेल, या देशाजवळचे होते नव्हते ते सगळे सोने आज मैदानात उतरले. तसे नव्हते. या शर्यतीचा विश्वविजेता त्या दिवशी बार्सिलोनाच्या मैदानात नव्हताच. त्याचे नाव मोझेस किप्तानुई. आदल्याच वर्षी टोकियोत त्याने जागतिक अजिंक्यपद जिंकले होते, आणि तेही सांगला मागे टाकून. केनियाच्या निवड चाचणीत मात्र तो चौथा आला. जागा तीन होत्या.

पुढे जे घडले ते कादंबरीत लिहिले असते तर वाचकांनी मला नावे ठेवली असती. ऑलिंपिक ९ ऑगस्टला संपले. १६ ऑगस्टला कोलोनमध्ये किप्तानुईने अडथळ्यांविना तीन हजार मीटर ७ मिनिटे २८.९६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. तीनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, झुरिचमध्ये स्टीपलचेसचाही विश्वविक्रम ८ मिनिटे २.०८ सेकंदांवर आणून ठेवला. बार्सिलोनात सुवर्णपदकाची वेळ होती ८ मिनिटे ८.८४ सेकंद. ज्या माणसाला ऑलिंपिकचे तिकीट मिळाले नाही, तो त्याच महिन्यात जगातला सर्वांत वेगवान स्टीपलचेस धावपटू होता.

ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साडेसात फेऱ्या, त्यांत अठ्ठावीस वेळा जाडजूड लाकडी अडथळा आणि सात वेळा अडथळ्यापलीकडचा पाण्याचा खड्डा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची तीन फूट, आणि धक्का लागला तरी तो पडत नाही. पडतो तो माणूस. १९६८पासून २०१६पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये केनिया उतरला, त्या प्रत्येक वेळी या शर्यतीचे सुवर्णपदक केनियाने नेले. १९७६ आणि १९८० साली त्यांचा बहिष्कार होता, तेवढा अपवाद. अशा देशात निवड चाचणी म्हणजे काय, याची कल्पना करावी. कोणत्याही देशाला ऑलिंपिकच्या एका शर्यतीत तीनच धावपटू उतरवता येतात. बाहेरच्या जगाशी झुंजण्याआधी घरातल्यांशीच झुंजावे लागते, आणि ती झुंज बहुधा जास्त कठीण असते.

निवडीची चौकट वरवर सोपी दिसते. आंतरराष्ट्रीय महासंघ प्रत्येक शर्यतीसाठी पात्रतेची एक वेळ ठरवून देतो. ठरावीक मुदतीत ती वेळ नोंदवावी, किंवा अलीकडच्या पद्धतीप्रमाणे जागतिक क्रमवारीत पुरेसे वर असावे. एवढे झाले की दार उघडते. आत कोणी जायचे हे मग त्या त्या देशाने ठरवायचे. खरी गंमत, आणि खरे दुःख, इथे सुरू होते.

अमेरिकेची रीत रोखठोक. एकच चाचणी घ्यायची, पात्रता असलेले पहिले तिघे संघात, चौथा घरी. तो विश्वविक्रमवीर असो नाहीतर त्या सकाळी त्याचे पोट बिघडलेले असो, कोणी विचारत नाही. ब्रिटनची रीत निराळी. तिथे चाचणीही असे आणि तिच्यावर निवड समितीही असे. या दुसऱ्या रीतीचा इतिहास मला फार बोलका वाटतो, कारण त्यात एकच माणूस दोनदा समितीपुढे आला, एकदा तरला आणि एकदा बुडाला.

तो माणूस सेबॅस्टियन को. (त्याचे आजोळ निम्मे पंजाबी, आजोबा मल्होत्रा. ब्रिटिश वर्तमानपत्रांत हे फारसे येत नसे.) १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकआधी पंधराशे मीटरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पीटर एलियटने कोला हरवले. एलियट रॉदरहॅमच्या पोलाद कारखान्यात सुतारकाम करणारा तरुण, को आधीच्या ऑलिंपिकचा विजेता. समितीने हरलेल्या कोला घेतले. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. को लॉस एंजेलिसला गेला आणि ऑलिंपिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला. समितीचे खरे ठरले. चार वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न आला. १९८८च्या चाचणीत को प्राथमिक फेरीतच गारद झाला. या वेळी मतदान झाले आणि दहाविरुद्ध अकरा मतांनी त्याला वगळले. सोलला एलियट गेला, दुखऱ्या स्नायूंनिशी धावला आणि रौप्यपदक घेऊन आला. त्याच्या पुढे होता एकवीस वर्षांचा एक केनियन मुलगा, पीटर रोनो. पुन्हा समितीचे खरे ठरले, असे म्हणता येईल.

पण दोन्ही वेळा निकाल बरोबर आला म्हणून रीत बरोबर ठरते का? नोकरीत असताना मी बढतीच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळांवर बसलो आहे. लेखी परीक्षेचे गुण किती धरायचे आणि ‘एकूण योग्यता’ नावाच्या रकान्यात किती द्यायचे, यावरचे वाद मी ऐकले आहेत. त्या रकान्यातून कधी खरोखरच एखादा गुणी माणूस वर यायचा. पण ज्याला डावलले त्याला आपण कशात कमी पडलो हे जन्मभर कळत नसे, आणि न कळणे हे नापास होण्यापेक्षा वाईट. १९८४ साली एलियट पंधराशे मीटरची शर्यत हरला नव्हता. तो त्या शर्यतीत नव्हताच. किप्तानुईला निदान हे ठाऊक होते की आपल्या पुढे तीन माणसे गेली, ती कोण होती, आणि किती पुढे होती. मला विचाराल तर मी लिहून ठेवलेल्या निर्दय नियमाच्या बाजूचा आहे. विश्वविजेता घरी राहिला, हा त्या नियमाचा भुर्दंड आहे, आणि तो लहान नाही, हे कबूल करूनही.

हा भुर्दंड का पडतो, हे कळायला धावपटूच्या वर्षाची आखणी पाहावी लागते. लांब पल्ल्याच्या धावपटूचे शरीर बारा महिने धारेवर राहत नाही. आधी काही महिने नुसता पाया घालायचा: संथ गतीने, रोज दोन वेळा, मैलच्या मैल. मग टेकड्या, मग ट्रॅकवरची तुकड्यातुकड्यांची वेगवान धाव, मधे मोजकी विश्रांती. शेवटचे दोन-तीन आठवडे मात्र सराव निम्म्यावर आणायचा, वेग तेवढा राखायचा. साठवलेली शक्ती नेमक्या दिवशी वर यावी म्हणून. वरच्या दर्जाच्या धावपटूला यातला सर्वांत कठीण भाग कोणता? हा शेवटचा. कष्टाची सवय झालेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून झोपणारी मुले घरोघरी किती असतात ते आठवावे.

आता अडचण अशी की निवड चाचणी आणि मुख्य स्पर्धा यांत बहुधा काही आठवड्यांचेच अंतर असते. चाचणीसाठी शिखर गाठावे तर मुख्य स्पर्धेपर्यंत ते उतरते. मुख्य स्पर्धेसाठी राखून ठेवावे तर चाचणीत चौथे येण्याची भीती. ज्याचे नाव संघात निश्चित आहे त्याला हा पेच पडत नाही. केनियात कोणाचेच नाव निश्चित नसते.

बार्सिलोनाच्या त्या चौथऱ्यावरचा दुसरा माणूस, पॅट्रिक सांग, पुढे प्रशिक्षक झाला. एल्डोरेटजवळ काप्तागात येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर, त्याच्या धावपटूंची छावणी आहे. महाबळेश्वरापेक्षा हजार मीटर अधिक उंच. हवा विरळ असल्याने शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवते, आणि स्नायूंना प्राणवायू पोचवणारी वाहने वाढली की खाली उतरल्यावर फायदा होतो. पण नुसत्या उंचीने पदके मिळत असती तर जगातल्या सगळ्या डोंगराळ देशांनी ती वाटून घेतली असती. छावणीचा दिनक्रम पाहावा. पहाटे धावणे, मंगळवारी ट्रॅक, गुरुवारी तीस किंवा चाळीस किलोमीटरची लांब धाव, शनिवारी फार्टलेक, म्हणजे कधी भरधाव तर कधी सावकाश असा वेगाशी खेळ. बाकी वेळ झोप, चहा, उगाली नावाचा मक्याचा घट्ट उकडलेला गोळा, आणि पाळीपाळीने सफाई. जगज्जेताही झाडू धरतो.

त्या छावणीतला सर्वांत नामांकित झाडूवाला म्हणजे एलियुद किपचोगे. तो सांगच्याच गावचा. अठराव्या वर्षी, २००३ साली, पाच हजार मीटरचा विश्वविजेता. पुढे दोन ऑलिंपिक पदके. २०१२ साली लंडनसाठीच्या संघात मात्र त्याला जागा मिळाली नाही. वय सत्तावीस, ट्रॅकवरची दारे बंद. दुसऱ्या वर्षी तो मॅरेथॉनकडे वळला, आणि रिओ व टोकियो अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याने जिंकली. चाचणीत नापास झाल्यामुळे त्याला खरी शर्यत सापडली, असे म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. त्याच चाचण्यांत हरलेले आणि पुढे कुठेच न सापडलेले कितीतरी असतील. त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. दाराशी गर्दी नाही. उंबरठाच उंच आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली, तेव्हा ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय स्त्री दिसायला १९८४च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षे लागली होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचिनला राहिला, आणि धावपटू म्हणून पुढे आला तो त्यानंतर. २०१८ साली त्याने गोपाळ सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत गेला. देशात त्याला हरवणारा कोणी नव्हता, आणि हीच त्याची अडचण होती.

कारण घड्याळाशी धावणे वेगळे आणि माणसांशी धावणे वेगळे. विक्रमाच्या शर्यतीत वेग धरून देणारा भाडोत्री धावपटू पुढे असतो. ऑलिंपिकमध्ये तसा कोणी नसतो. तिथे पहिला किलोमीटर वरातीच्या चालीने जातो आणि शेवटचा वाघ मागे लागल्यासारखा. कोपरे लागतात, पाय अडकतात. टोकियोत साबळे ८ मिनिटे १८.१२ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करूनही आपल्या हीटमध्ये सातवा आला आणि बाहेर पडला. दुसऱ्या, संथ हीटमधून त्याच्यापेक्षा सावकाश धावलेले पुढे गेले. २०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत नियमच बदलला होता: वेळेला किंमत नाही, प्रत्येक हीटमधले पहिले पाच. तो पुन्हा सातवा.

मधल्या काळात, २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, मात्र त्याने वेगळेच काही करून दाखवले होते. १९९८पासून राष्ट्रकुलातली या शर्यतीची सर्वच्या सर्व पदके केनियाने नेली होती. साबळेने दोन केनियन धावपटूंना मागे टाकले आणि तिसऱ्याला, अब्राहम किबिवोटला, शेवटच्या रेषेपर्यंत गाठत आणले. अंतर राहिले सेकंदाच्या पाच शतांशांचे. ८ मिनिटे ११.२० सेकंद, रौप्य. त्याआधी काही महिने तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, उंचीवर, आपल्यापेक्षा सरस धावपटूंच्या घोळक्यात सराव करून आला होता. आष्टी किंवा पुणे किंवा बंगळूर त्याला जे देऊ शकत नव्हते ते हेच: रोज सकाळी हरवणारी माणसे.

पॅरिसला २०२४ साली तो हीटमध्ये पाचवा आला, म्हणजे पुढे जाणाऱ्यांत शेवटचा. शेवटच्या सरळ रेषेत मागे वळून त्याने मोजले, मागचा किती दूर आहे ते पाहिले, आणि उगाच जोर न लावता रेषा ओलांडली. अंतिम फेरीत तो अकरावा आला.