गर्भाशय-अस्तराचे आक्रमक कर्करोग : जीवितकाल व पूर्वानुमानाचे घटक (विशेष संदर्भ – जालना जिल्हा)

प्रस्तावना :
मराठवाड्यात स्त्रियांच्या कर्करोगाचा विचार मुख्यतः गर्भाशयमुखापुरता होतो. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे त्यातून दिसले. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगासाठी मात्र अशी सार्वत्रिक चाळणी-तपासणी प्रचलित नाही.

स्वरूप :
बोखमन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगाचे दोन गट मांडले. पहिला इस्ट्रोजेन व लठ्ठपणाशी निगडित आणि बहुधा मंदगती असतो. दुसरा आक्रमक असतो. सीरस, क्लिअर सेल व कार्सिनोसार्कोमा हे आक्रमक प्रकार होत. सीरस प्रकाराचे रुग्ण थोडे असले तरी मृत्यूंमध्ये त्याचा वाटा मोठा असतो.

पूर्वानुमानाचे घटक :
निदानाच्या वेळची अवस्था हा सर्वांत महत्त्वाचा घटक होय. वय, पेशींचा प्रकार, स्नायुस्तरात रोग किती खोल गेला आहे आणि लसीका ग्रंथींतील प्रसार हेही निर्णायक ठरतात. पोर्टेक-३ या चाचणीतील ऊतींच्या २०२० मधील विश्लेषणात, पोल जनुकात बदल असलेल्या रुग्णांपैकी ९८ टक्के पाच वर्षांनंतर रोग न उलटता हयात होत्या. पी-५३ सदोष असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. याच चाचणीत सीरस प्रकारात किरणोपचाराला रसायनोपचाराची जोड दिल्यावर पाच वर्षांचे जीवितप्रमाण सुमारे ५३ वरून ७१ टक्क्यांवर गेले. २०२३ च्या फिगो वर्गीकरणात रेण्वीय प्रकारालाही स्थान मिळाले.

जालना जिल्ह्याचा संदर्भ :
हे बहुतेक घटक ऊतिपरीक्षणातूनच कळतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत राज्य शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. ऊसतोडीसाठी स्थलांतर जालन्यातूनही होते. रक्तस्रावाचे कारण न शोधता गर्भाशय काढले आणि ऊती तपासणीस पाठविल्या नाहीत, तर रोगाचा प्रकार व अवस्था अज्ञात राहते आणि पुढील उपचारांची दिशा हरवते.

समारोप :
या कर्करोगाच्या सुमारे ९० टक्के रजोनिवृत्त रुग्णांत रक्तस्राव हे लक्षण आढळते. असा रक्तस्राव झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ स्त्रियांना कर्करोग नसतो. म्हणून भीतीचे कारण नाही, परंतु तपासणी टाळण्याचेही नाही. रजोनिवृत्तीनंतरचा एक थेंबही तपासणीस पात्र आहे, ही जाणीव महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून घरोघरी पोहोचविता येईल.