पहिला महिना चुकवू नका

मृगाचा पाऊस पडला की गावात दोन कामं एकदमच सुरू होतात. शेतात औत चालू लागतं आणि शाळेची घंटा वाजू लागते.

आपल्या राज्यात बहुतेक शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. विदर्भात ऊन उशिरापर्यंत तापतं, म्हणून तिकडे त्या काही दिवस मागाहून उघडतात. शाळा उघडली की पोरं भिजत, चिखल तुडवीत येतात. नवी पुस्तकं मिळतात. पुस्तकांचा वास घेत पोरं वर्गात बसतात.

आम्ही पुष्कळ वर्षं खेड्यातल्या लहान शाळेत शिकवलं. शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शाळा कसली? दोन खोल्या, दोन गुरुजी आणि चार वर्ग. एका खोलीत पहिली-दुसरीची मुलं. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीची. अशा शाळेत पहिल्या महिन्यात काय चालतं, ते आज तुम्हाला सांगतो.

हे तुम्हालाच का सांगावं? कारण तुम्ही स्वतः नुकतेच वाचायला शिकला आहात. शिकताना माणूस कुठे अडतो, ते तुम्हाला ताजं ताजं ठाऊक आहे. आम्ही गुरुजी मंडळी ते कधीच विसरून गेलेलो असतो.

नाव कसं घालावं?

मूल सहा वर्षांचं झालं की त्याचं नाव पहिलीत घालावं. यासाठी २००९ साली कायदा झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे, असं हा कायदा सांगतो.

पुष्कळ आईबाप कागदाच्या भीतीने शाळेकडे फिरकत नाहीत. जन्माचा दाखला नाही, आता काय करायचं? भिऊ नका. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कोणी ऊसतोडीला गेलं, कोणी वीटभट्टीवर गेलं आणि जून उलटून गेला, तरीही मुलाला शाळेत घ्यावंच लागतं.

मग कुणी म्हणेल, "कधीही घेतात ना? मग लावणी उरकल्यावर पाठवू की!"

इथेच तर खरी अडचण आहे. शाळेचं दार वर्षभर उघडं असतं हे खरं. पण आतला धडा कुणासाठी थांबून राहत नाही.

वाचायला मूल कसं शिकतं?

पहिलीत मूल येतं तेव्हा त्याला बोलता येतं. 'घर' हा शब्द त्याला माहीत असतो. गुरुजी घराचं चित्र दाखवतात. चित्राखाली 'घर' असं लिहिलेलं असतं. मूल ते पाहतं. मग 'घ' वेगळा करून दाखवतात, 'र' वेगळा करून दाखवतात. तोंडातला आवाज आणि पाटीवरची खूण, या दोघांची गाठ पडते. ही गाठ पक्की बसणं, म्हणजेच वाचायला येणं.

ही गाठ एका दिवसात बसत नाही. 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात. 'भ' आणि 'म' यांतही गोंधळ होतो. आठवतं ना? तुमचंही असंच झालं होतं. मग रोज थोडं थोडं गिरवलं, रोज वाचलं, तेव्हा कुठे डोळ्याला फरक कळू लागला.

अक्षरं झाली की काना येतो. मग वेलांटी, उकार, मात्रा. 'कर' शब्दाला काना दिला की 'कार' होतो. कान्यावर मात्रा दिली की 'कोर' होते. भिंतीचा एक थर वाळला की त्यावर दुसरा थर चढवायचा, तसंच हे काम. खालचा थर कच्चा राहिला तर वरचा थर टिकत नाही.

आकडे उलटे का होतात?

आता गणिताचं पाहू. मूल २५ च्या जागी ५२ लिहितं. आपण म्हणतो, पोरगं वेंधळं आहे. पण जरा तोंडाने म्हणून बघा. पंचवीस. आधी पाच आले, मग वीस. कागदावर मात्र आधी २ लिहायचे, मग ५. तोंड एकीकडे जातं आणि हात दुसरीकडे! मोठ्या माणसाची सवय झालेली असते. लहान मूल त्यात फसतं.

'एकोणतीस' तर आणखी अवघड. ऐकू येतात तीस, आणि लिहायचे २ आणि ९.

ही अडचण नुसती आमच्या शाळेची नव्हे. २०१९ सालच्या जूनमध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' अशीही वाचायची रीत दिली होती. त्यावरून राज्यभर मोठा वाद झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, पण मुलांना सोपं जावं म्हणून ही दुसरी रीत दिली आहे. रीत कोणती चांगली, यावर लोकांची मतं वेगळी असतील. पण मूल का चुकतं, हे त्या निमित्ताने घरोघर कळलं.

आमची चूक

आता आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो.

आमचं गाव भाताचं. दुसरीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. पहिले दहा-बारा दिवस ती नेमाने आली. मग लावणी लागली. तिची आई लावणीला जाऊ लागली. घरी साडेतीन वर्षांचा भाऊ. त्याला कोण पाहणार? मुलगी घरी राहिली. ती परत आली ती एकदम नागपंचमी झाल्यावर.

मधल्या दिवसांत वर्गात काड्यांचे गठ्ठे बांधणं झालं होतं. दहा सुट्या काड्यांचा एक गठ्ठा. गठ्ठा म्हणजे दशक, सुट्या काड्या म्हणजे एकक. त्या गठ्ठ्यांवरूनच आम्ही मुलांना हातच्याची बेरीज शिकवली होती. या मुलीच्या हाताला मात्र एकही गठ्ठा लागला नव्हता.

आम्ही फळ्यावर गणित घातलं. २७ आणि १५ यांची बेरीज करा. मुलीने पाटीवर लिहिलं, ३१२.

आम्ही चिडलो. सगळ्या वर्गासमोर तिला बोललो. पुढे प्रगतीपुस्तकात शेरा मारला, 'गणितात कच्ची.'

त्याच वर्षी संध्याकाळी आमच्या शाळेत प्रौढांचा वर्ग भरे. त्या मुलीची आई त्या वर्गाला येई. एके दिवशी आम्ही मोठ्यांना तेच गणित घातलं. आई तोंडाने लगेच म्हणाली, "बेचाळीस." पाटीवर मात्र तिने काय लिहिलं असेल? ३१२!

आम्ही विचारलं, "अहो, तोंडाने बेचाळीस म्हणता आणि लिहिता हे काय?"

ती म्हणाली, "सात आणि पाच बारा झाले, ते लिहिले. दोन आणि एक तीन झाले, तेही लिहिले. यात माझं चुकलं काय, गुरुजी?" आणि मग हळूच म्हणाली, "पोरीनं पण हेच लिहिलं होतं. तिला तुम्ही बोललात. मला बोलत नाही."

आम्ही गप्प झालो. बोलायला तोंडच नव्हतं.

मग आम्ही खिशातून पैसे काढले. दहाच्या दोन नोटा आणि सात सुटे रुपये एका बाजूला ठेवले. दहाची एक नोट आणि पाच सुटे रुपये दुसऱ्या बाजूला. म्हटलं, "आता हे एकत्र करा." तिने केले. नोटा झाल्या तीन. सुटे झाले बारा.

"आता बारा सुटे कशाला वागवायचे?" आम्ही विचारलं.

तिने दहा सुटे आमच्यापुढे सरकवले आणि आमच्याकडून एक नोट घेतली. नोटा झाल्या चार. सुटे उरले दोन. बेचाळीस!

ती हसली. म्हणाली, "म्हणजे दहा सुटे द्यायचे आणि एक नोट घ्यायची. हातचा हातचा म्हणतात तो हाच होय?"

त्या रात्री तिने घरी चुलीपुढे पोरीला बसवलं. नोटा नव्हत्या, म्हणून चिंचोके घेतले. दहा चिंचोक्यांची एक पुरचुंडी बांधली. आठ दिवसांत मुलीला हातच्याची बेरीज आली.

शेरा आम्ही स्वतःच्या हाताने खोडला. मुलगी कच्ची नव्हतीच. तिचा एक थर बांधायचा राहून गेला होता, आणि ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं. तिची आई त्या वर्गाला आली नसती तर तो शेरा तसाच राहिला असता. मुलीलाही पुढे तो खरा वाटू लागला असता. अशीच पोरं चौथी-पाचवीत म्हणू लागतात, "मला शाळा नको." आणि आपण म्हणतो, "त्याला शिक्षणाची आवडच नाही."

लहान भावंडाला कोण सांभाळणार?

शेतीचं काम थांबत नाही, हे आम्ही जाणतो. लावणीच्या दिवसांत आई घरी बसली तर वर्षभर खायचं काय? ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर पूर्वी लोकांनी वाट काढलेली आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तिथे वारली लोकांची वस्ती. मुलं शाळेत येत ना. का येत नाहीत, हे या दोघींनी नीट पाहिलं. मोठं मूल धाकट्याला सांभाळत असे, नाहीतर गुरं राखत असे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी भरवली. धाकटं मूल तिथेच सांभाळलं गेलं, म्हणून थोरलं शिकायला मोकळं झालं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे गेली!

आज गावोगाव अंगणवाडी आहे. १९७५ साली ही योजना देशात सुरू झाली. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत बसतं, शिकतं, तिथे त्याला खाऊ मिळतो. आमच्या त्या मुलीचा भाऊही अंगणवाडीत बसू शकला असता. पुढच्या वर्षी आईने त्याला तिथे घातलं आणि मुलगी लावणीच्या दिवसांतही शाळेत आली. मूल तान्हं असेल तर शेजारणींनी आपसांत पाळी लावावी. आज एकीने घरी राहून चार घरची मुलं पाहावी, उद्या दुसरीने. लावणीला आपण एकमेकांच्या शेतावर जातोच ना? तसंच हे.

तुम्ही काय कराल?

फार काही करायला नको. एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

एक. जून आणि जुलै या दोन महिन्यांत मुलाचा एकही दिवस बुडवू नका. आजारपणाने बुडलाच, तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा, "त्या दिवशी काय शिकवलं?" आणि तेवढं भरून काढा.

दोन. रोज रात्री मुलाला विचारा, "आज काय शिकलास?" त्याला पुस्तक वाचायला सांगा. ओळीखाली बोट ठेवून वाचू द्या. तुम्हीही सोबत वाचा. तुम्हाला एखादा शब्द अडला तर लाजू नका. "चल, दोघं मिळून बघू," असं म्हणा. आईबापही शिकताहेत, हे पाहून मुलाला हुरूप येतो.

तीन. चुकलं तर मारू नका. कुठे चुकलं, ते पाहा. चिंचोके घ्या, काड्या घ्या, सुटे पैसे घ्या. हाताला कळलं की डोक्याला कळतं.

चार. प्रगतीपुस्तकावर नुसता अंगठा किंवा सही करून ते परत देऊ नका. आता तुम्हाला वाचता येतं. शेरा वाचा. तो पटला नाही तर शाळेत जाऊन विचारा. विचारण्यात गुरुजींचा अपमान नाही.

पाच. शाळेत एक शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद आईबाप असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. पूर्वी कागद वाचता येत नाही म्हणून बायका मागे बसत आणि सांगतील तिथे सही करत. आता तुम्ही पुढे बसा. कागद वाचा. मग सही करा.

शेवटचं सांगणं

पेरणीची वाफ गेली की शेतकरी हळहळतो. पाऊस पुढेही पडतो, पण ती वाफ परत येत नाही. मुलाच्या शिकण्यालाही अशीच वाफ असते. पहिला महिना ही ती वाफ आहे.

पण ज्याची वाफ चुकली त्याने हात जोडून बसू नये. चुकलेला थर पुन्हा बांधता येतो. त्या माउलीने तो चुलीपुढे बसून आठ दिवसांत बांधला. तेव्हा तिला स्वतःला नीट लिहिता येऊ लागून सहा महिनेही झाले नव्हते.

उद्या सकाळी घंटा वाजेल. मुलाला वेळेवर पाठवा. आणि रात्री पाटी घेऊन त्याच्याजवळ बसा.